३३ हत्यारे आणि एक पेरू

आमच्या मेहुण्यांनी ‘स्विसचँप’ चाकू घेतला. “भाऊजी, ३३ कामं करतो!” मेहुण्यांनी तीन केली तरी पुरे, असं मी म्हटलं. मनात म्हटलं, कारण बायको शेजारीच होती.

माझ्याकडे त्याच व्हिक्टोरिनॉक्सचा साधा ‘स्पार्टन’ आहे. कामे १२, किंमत कितीतरी कमी. आणि मोठे पाते? दोन्हींत तेच! म्हणजे पेरू त्याच धारेने कापायचा आणि जास्तीचे पैसे मोजायचे ते मासळीचे खवले काढायच्या पट्टीचे. खवले आमच्याकडे कोळीण काढते, तेही फुकट, वर दोन शिव्या. १८९१ साली स्विस शिपायाचं पाते, टोच्या, डबे उघडायचे हत्यार आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर भागत होतं. त्यात त्याची बंदूकसुद्धा खोलून व्हायची. आम्हाला काय खोलायचंय? लोणच्याची बरणी!

पक्कड आणि भिंग झकास, हे कबूल. पण हा १८५ ग्रॅमचा ऐवज सदऱ्याच्या खिशात ठेवून पाहा, माणूस एका बाजूला कलतो.

काल मेहुणे पेरू कापायला बसले. कात्री निघाली, करवत निघाली, कानस निघाली. पाते निघेपर्यंत माझा पेरू तिखटमीठ लावून संपलासुद्धा होता.