भ्यालेल्या शिपायाची गोष्ट

युद्धकथा वाचावयास कोणाला आवडत नाही? तोफांचा गडगडाट, घोड्यांच्या टापा, निशाण उंच धरून पुढे झेपावणारा वीर आणि शेवटी विजयाची नौबत. एवढे असले की वाचणाऱ्याचे रक्त सळसळू लागते. अशा कथांतील वीराला बहुधा एकच गोष्ट ठाऊक नसते, आणि ती म्हणजे भीती. आज मी तुम्हाला ज्या कादंबरीविषयी सांगणार आहे, तिचा नायक मात्र पहिल्या प्रकरणापासूनच भ्यालेला आहे. इतकेच नव्हे, तर ऐन लढाईत तो बंदूक आणि टोपी टाकून पळ काढतो. “असल्या भित्र्याची गोष्ट मुलांपुढे कशाला ठेवावी? त्यांच्यापुढे शूरांचे चरित्र ठेवावे,” असे म्हणणारे शिक्षक व पालक मला अनेक भेटले आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे. पण त्यांचे मत मला पटत नाही. ही कादंबरी शाळेत वाचली जावी, आणि त्या पळण्यासाठीच वाचली जावी, असे माझे म्हणणे आहे.

तिचे नाव ‘द रेड बॅज ऑफ करेज’. आपल्या भाषेत ‘शौर्याचे लाल पदक’ असे म्हणता येईल. पण हे पदक सेनापतीने छातीवर लावलेले नव्हे. रणांगणावर झालेली जखम आणि तिच्यातून वाहणारे रक्त हेच ते लाल पदक होय. ते नायकाला कसे मिळाले, ह्यातच कादंबरीची सारी गंमत आणि सारी वेदना साठवलेली आहे.

लेखक स्टीफन क्रेन हा अमेरिकन. त्याचा जन्म १८७१ साली न्यूअर्क येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. आईबापांचे हे चौदावे अपत्य. कादंबरी १८९५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा तो चोविसाव्या वर्षात होता. आणि १९०० साली क्षयाने वारला, तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. कादंबरीतील युद्ध आहे उत्तर व दक्षिण अमेरिकेतील राज्यांमधील यादवी युद्ध. ते १८६१ ते १८६५ पर्यंत चालले. म्हणजे क्रेन जन्मला तो युद्ध संपल्यानंतर सहा वर्षांनी! कादंबरी लिहीपर्यंत त्याने एकही लढाई पाहिली नव्हती. युद्धावर जाऊन आलेल्यांच्या आठवणी एका मासिकात छापून आल्या होत्या, त्या त्याने वाचल्या. त्या गृहस्थांनी आपण काय काय केले ते सविस्तर लिहिले होते. आपल्याला काय वाटले, हे मात्र कोणीच लिहिले नव्हते. क्रेनने नेमके तेच लिहावयास घेतले. ते इतके हुबेहूब उतरले की, पुष्कळ जुन्या सैनिकांना हा आपल्यातलाच कोणी असावा असे वाटले. एका वृद्ध कर्नलसाहेबांनी तर अँटिएटमच्या लढाईत क्रेन आपल्याबरोबर होता, असे ठामपणे सांगितले. ती लढाई १८६२ ची!

कथानायक हेन्री फ्लेमिंग हा शेतकऱ्याचा मुलगा. युद्धाच्या बातम्या ऐकून त्याचे डोके भणभणून गेले आहे. आईचा विरोध न जुमानता तो सैन्यात नाव नोंदवून येतो, तेव्हा आई गायीची धार काढीत असते. हेन्रीला वाटते, आता काहीतरी भव्य बोलणे होईल. पण आई देवाची इच्छा म्हणते आणि पुन्हा धार काढू लागते. निरोपाच्या वेळीही ती बटाटे सोलीत बसलेली आहे. मोज्यांचे जोड बांधून दिले आहेत, मुरंब्याची बरणी दिली आहे, वाईट संगतीत पडू नकोस, मला सांगावयास लाज वाटेल असे काही करू नकोस, एवढेच तिचे सांगणे. हेन्री मनातून खट्टू होतो. पण फाटकापाशी जाऊन तो मागे वळून पाहतो, तो आई बटाट्यांच्या सालींमध्ये गुडघे टेकून बसलेली, चेहरा वर केलेला, अश्रूंनी भिजलेला. मान खाली घालून तो चालू लागतो. युद्धावरच्या कित्येक पोवाडेवजा ग्रंथांत मला इतके खरे पान आढळलेले नाही.

मग सुरू होते वाट पाहणे. लढाई महिनोन्‌महिने लागतच नाही, आणि रिकाम्या मनात एक प्रश्न घर करतो: वेळ येईल तेव्हा मी पळेन काय? हेन्रीला मरणाची भीती वाटते त्याहून आपण भित्रे ठरू ह्याची अधिक वाटते. सोबतच्या जिम कॉन्क्लिन नावाच्या उंच शिपायाला तो आडून आडून विचारतो. जिम सरळ मनाचा. सगळेच पळू लागले तर मीही पळेन; सगळे उभे राहिले तर मीही राहीन, असे तो मोकळेपणाने सांगून टाकतो. त्या उत्तराने हेन्रीला किती हायसे वाटते! दुसरा विल्सन. हा मोठा बढाईखोर. पण लढाईला तोंड फुटायच्या आधी हाच विल्सन पिवळ्या लिफाफ्यात घातलेला कागदपत्रांचा पुडका हेन्रीच्या हाती देतो. आपण ह्यातून वाचत नाही, घरी पोहोचते कर, असे सांगताना त्याचा कंठ दाटून येतो. पहिल्यांदा विहिरीच्या काठावर उडी मारावयास उभे राहिलेल्या मुलांकडे पाहा. जो सर्वांत मोठ्याने गप्पा मारीत असतो, त्याचेच पाय बहुधा आधी लटपटतात.

शत्रूचा पहिला हल्ला परतवला जातो. हेन्री इतरांबरोबर बंदूक झाडतो आणि संकट टळले म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. तोच दुसरा हल्ला येतो. शेजारचा एक जण पळतो, आणखी एक पळतो, आणि हेन्रीही सशासारखा धूम ठोकतो. विराटपर्वातील राजपुत्र उत्तर तुम्हाला आठवत असेल. अंतःपुरात बढाया मारून तो निघाला आणि कौरवांची सेना दिसताच रथातून उडी टाकून पळाला. त्याची कथा ऐकताना आपण खदखदून हसतो. उत्तराच्या मागे धावून त्याला रथात परत आणावयास अर्जुन तरी होता. हेन्रीच्या मागे कोणीच नाही. आणि क्रेन आपल्याला हसूही देत नाही, कारण तो आपल्याला हेन्रीच्या छातीत नेऊन बसवतो. पुढे हेन्रीला कळते की, आपली पलटण पळाली नाही, तिने हल्ला परतवला. आता आली का पंचाईत! मग मन सबबी शोधू लागते. रानात तो एका खारीला देवदाराचे बोंड फेकून मारतो. खार सुर्रकन झाडावर पळते. हेन्रीला आनंद होतो: पाहा, जीव वाचवणे हा सृष्टीचाच नियम आहे! मनुष्य स्वतःची समजूत कशी घालतो, हे पाहावयाचे असेल तर ह्या खारीचा प्रसंग दोनदा वाचावा.

ह्यानंतर येतो कादंबरीचा गाभा. जखमी सैनिकांची रांग रस्त्याने मागे चाललेली असते, तीत हेन्री मिसळतो. एक फाटक्या कपड्यांचा शिपाई त्याच्याबरोबर चालू लागतो. त्याच्या डोक्याला रक्ताने भिजलेली चिंधी बांधलेली, एक हात मोडलेल्या फांदीसारखा लोंबतो आहे. तो अगदी साधेपणाने विचारतो, “तुला कुठे लागले, बाबा?” हेन्रीला घाम फुटतो. त्याला कुठेच लागलेले नसते. आपल्यालाही एखादी जखम असती तर किती बरे झाले असते, असे त्याला वाटते, आणि पुस्तकाचे नाव आले ते येथून. त्याच रांगेत जिम कॉन्क्लिन भेटतो. त्याच्या कुशीत प्राणघातक जखम झालेली आहे. हेन्रीच्या डोळ्यांदेखत तो मैदानात जाऊन कोसळतो. फाटका शिपाई स्वतः मरणाच्या दारात असताना हेन्रीच्या त्या नसलेल्या जखमेचीच काळजी वाहत राहतो. आतला मार वाईट असतो, हयगय करू नकोस, असे बजावतो. त्याची शुद्ध हरपत चाललेली आहे. हेन्रीला तो दुसऱ्याच कोणा मित्राच्या नावाने हाका मारू लागतो. घरी आपली लेकरे आहेत, इतक्यात मरून चालणार नाही, असे म्हणतो. आणि हेन्री? तो प्रश्न पुन्हा ऐकावा लागू नये म्हणून त्या माणसाला शेतात भरकटत ठेवून निघून जातो.

“हेन्रीचा सर्वांत मोठा अपराध कोणता?” हा प्रश्न मी वर्गात नेहमी विचारीत असे. जवळजवळ सगळे हात एकाच उत्तरासाठी वर होत: लढाईतून पळाला हा! एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, तो पळाला तेव्हा त्याने विचारच केला नव्हता. त्या जखमी माणसाला सोडले, ते मात्र विचार करून.” ह्याहून नेमके उत्तर मी मोठमोठ्या टीकाकारांच्या लेखांतही वाचलेले नाही. भीती वाटणे हे आपल्या हाती नसते. पाय कधी कधी डोक्याला न विचारताच धावतात. पण ती भीती झाकण्यासाठी आपण पुढे जे करतो, ते आपले असते.

ही झाकाझाक हेन्रीला कोठपर्यंत नेते ते पाहा. पळणाऱ्या शिपायांच्या लोंढ्यात तो एकाला अडवू पाहतो, आणि तो घाबरलेला शिपाई बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात हाणतो. झाले! लाल पदक मिळाले, पण ते आपल्याच पक्षाच्या एका पळपुट्याकडून. रात्री पलटणीत परतल्यावर हेन्री गोळी लागल्याची थाप मारतो. जखम तपासणारा नाईक तर सांगतोही की, कोणी सोटा हाणावा तसे हे टेंगूळ दिसते. तरीही कोणाला संशय येत नाही. विल्सन त्याच्या डोक्याला ओले फडके बांधतो, स्वतःचे पांघरूण त्याला देतो. एका दिवसात विल्सन पार बदललेला आहे; बढाई गेली, माया आली. दुसऱ्या दिवशी तो ओशाळून आपला तो पुडका परत मागतो. तेव्हा हेन्रीच्या मनात काय येते? ह्याची दुबळी बाजू आपल्याला ठाऊक आहे, आपली मात्र ह्याला ठाऊक नाही! ज्याने रात्री सेवा केली, त्याच्याविषयी हा विचार. विल्सनने आपली भीती बोलून दाखवली आणि तो मोकळा झाला. हेन्रीने ती गिळली आणि तिचे विष झाले.

पुढच्या लढाईत हेन्री पराक्रम करतो. निशाणधारी पडताच निशाण आपल्या हाती घेतो. विल्सन शत्रूचे निशाण हिसकावून आणतो. येथे पुष्कळ शिक्षक “भित्र्याचा शूर झाला” असे फळ्यावर लिहून मोकळे होतात. मला ते फार उतावळेपणाचे वाटते. लढाईत हेन्री जवळजवळ बेभान झालेला आहे. त्याचे पळणे जसे विचारावाचूनचे, तसे लढणेही बरेचसे विचारावाचूनचे. एवढा पराक्रम होऊनही सैन्य शेवटी नदीकडे माघारीच फिरते. कादंबरीत लढाईचे नाव कोठेच नाही. पण ती १८६३ च्या मे महिन्यातील व्हर्जिनियातल्या चॅन्सलर्सव्हिलची, हे अभ्यासकांनी जुळवून दाखवले आहे. तीत उत्तरेचे सैन्य दुपटीहून मोठे असूनही हरले. परतताना हेन्रीला कोण आठवते? शत्रू नव्हे, सेनापती नव्हे. शेतात सोडून दिलेला तो फाटका शिपाई. शेवटी हेन्री खरोखर मोठा झाला की स्वतःची समजूत घालून घेण्यात अधिक तरबेज झाला, ह्यावर विद्वानांचा वाद आजही मिटलेला नाही. वर्गातही तो मिटवू नये.

कादंबरीत एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. हे युद्ध कशासाठी चालले होते, ह्याविषयी ती जवळजवळ मौन पाळते. गुलामगिरीच्या प्रश्नावरून हे युद्ध पेटले, सहा लाखांहून अधिक माणसे त्यात मेली, आणि १८६५ साली घटनादुरुस्तीने अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट झाली. हे सारे इतिहासाच्या पुस्तकातून शिकून मगच ह्या कादंबरीकडे वळावे. चोवीस प्रकरणांचे हे लहानसे पुस्तक आहे. शिपायांच्या तोंडी गावरान इंग्रजी बोली असल्यामुळे आज ते तुम्हाला जड जाईल; दोनतीन वर्षांनी जाणार नाही.

क्रेनने १८९६ साली ‘द व्हेटरन’ नावाची एक लहान कथा प्रसिद्ध केली. तीत हेन्री फ्लेमिंग म्हातारा झालेला आहे. किराणा दुकानात बसलेली मंडळी त्याला विचारतात, तुम्हाला लढायांत कधी भीती वाटली नसेल ना? म्हातारा हसत सांगतो, वाटली तर! पहिल्या लढाईत आभाळ कोसळते आहे असे वाटले, आणि मी पळालो, ते चॅन्सलर्सव्हिलला. जवळ त्याचा नातू उभा असतो. नातवाचे नाव जिम. आजोबांच्या तोंडचे हे शब्द ऐकून त्या मुलाचा चेहरा पडतो. घरी जाताना तो गप्प गप्प असतो. त्याच रात्री एका दारू प्यालेल्या गड्याच्या हातून कंदील उलटतो आणि गोठ्याला आग लागते. म्हातारा आगीत शिरून घोडे आणि गायी बाहेर काढतो. तेवढ्यात कोणी ओरडते की, दोन शिंगरे आतच राहिली. लोक त्याला अडवतात, आता आत जाणे म्हणजे मरण, असे सांगतात. बिचारी पिल्ले, एवढे पुटपुटून म्हातारा पुन्हा आत जातो, आणि थोड्याच वेळात छप्पर कोसळते.