पलटणीचे पुस्तक आणि घरची पत्रे

युद्धाच्या आठवणींची पुस्तके आपल्याकडे कोणत्या दृष्टीने वाचावयाची हे जणू ठरूनच गेले आहे. कोणी त्यांत डावपेच शोधतो, कोणी दोषी शोधतो आणि शाळकरी वयाचा वाचक पराक्रम शोधतो. ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर जी चर्चा झाली व आजही होते, ती मुख्यत: कृष्ण मेनन किती अपराधी, जनरल कौल किती आणि पंडित नेहरू किती, या मोजमापाचीच. ते मोजमाप अनावश्यक होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्या राष्ट्राने १९६२ पाहिले त्याला ते करणे भागच होते. परंतु अशा पुस्तकांना आणखी एक वाचक असतो. समीक्षकांच्या तो गणतीत नसतो आणि प्रकाशकांनाही त्याची फारशी आठवण नसते. तो वाचक म्हणजे सैनिकाची पत्नी.

बेळगावहून एका भगिनीने आम्हांला नुकतेच एक दीर्घ पत्र धाडले आहे, त्यामुळे हा विषय आज येथे घेतला. त्यांचे यजमान मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत, म्हणजे जिला ‘जंगी पलटण’ म्हणतात तिच्यात, नाईक होते. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण पूर्व बंगालात ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राकाठी जमालपूरच्या लढाईत होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी सेनानीला शरण येण्याविषयी पत्र पाठविले आणि त्या कर्नल सुलतान अहमदने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. १० डिसेंबरच्या रात्री शहरातून बाहेर पडू पाहणारी ती फौज मराठ्यांनी रोखलेल्या रस्त्यावर येऊन आदळली आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. पत्रलेखिकेचे यजमान पुढे हवालदार होऊन निवृत्त झाले, शेती पाहू लागले आणि काही वर्षांपूर्वी वारले. आता नातवाने त्या लढाईविषयी एका अधिकाऱ्याने लिहिलेले इंग्रजी पुस्तक आणले आणि रोज रात्री चार पाने मराठीत सांगत ते आजीला ऐकविले.

बाईंनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. त्यांनी ट्रंकेतून यजमानांची जुनी आंतर्देशीय पत्रे काढली आणि पुस्तकातील तारखांना पत्रांतील तारखा लावून पाहिल्या. पुस्तकात ज्या दिवसांत नदी ओलांडणे, उपाशीपोटी चालणे आणि उघड्या शेतात खंदक खणणे चालले होते, त्याच दिवसांतल्या पत्रात थंडी बेताची असल्याचे, जेवण वेळेवर मिळत असल्याचे आणि हरभऱ्याकडे लक्ष ठेवावे असे लिहिलेले होते. बाई लिहितात की पन्नासहून अधिक वर्षे आपण ते पत्र खरे मानले. पुढे त्या विचारतात: ‘साहेबांनी जे साऱ्या जगाला सांगितले, ते आमच्या माणसाने घरात एकदाही का सांगितले नाही?’

या प्रश्नात तक्रार आहे आणि ती क्षुल्लक नव्हे. लष्करी टपालात ठिकाण लिहावयाचे नाही, हालचाल लिहावयाची नाही, हा नियम योग्यच आहे. पत्त्याच्या जागी ‘छप्पन एपीओ’ आले की माणूस काश्मिरात आहे की वाळवंटात हे घरच्यांना कळण्याचा मार्ग नसतो. पण नियमाने जेवढे झाकले त्याहून पुष्कळ अधिक सैनिकाने स्वत: झाकले. ‘येथील सर्व क्षेम’ हा आपल्या पत्रलेखनाचा जुना मायना त्याच्या उपयोगी पडला. गोमंतकीयांना हे समजावून सांगावयास नको. आगबोटीवर गेलेल्या तारवट्याची पत्रे ज्या घरांनी वर्षानुवर्षे वाचली, त्या घरांना ‘क्षेम’ या शब्दाखाली काय काय लपते याची कल्पना आहे. फरक एवढाच की तारवटी परतल्यावर निदान वादळाच्या गोष्टी रंगवून सांगत असे. सैनिक परतला की नांगराला हात घालतो आणि विषय संपतो.

सैनिकाचे हे मौन म्हणजे पत्नीवरचा अविश्वास होता असे आम्हांला वाटत नाही. जे पाहिले ते सांगावयाचे तर ऐकणाऱ्याच्या मनात ते कायमचे ठेवावे लागते, आणि घर ही एकच जागा त्यापासून मोकळी राहावी असे त्याला वाटत असावे. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपण त्याला विचारलेच नाही. गावाने मिरवणूक काढली, हार घातले, ग्रामपंचायतीत सत्कार केला आणि भाषणे स्वत:च केली. त्या रात्री शेजारचा कोण पडला, त्याचे पुढे काय झाले, हे त्याला कोणी विचारले नाही. घरातल्या बाईने विचारू नये असा तर अलिखित दंडकच होता. पुरुषांच्या बोलण्यात तिने बसावयाचे नसते, आणि रात्री झोपेत दचकून उठणाऱ्या माणसाला पाणी द्यावयाचे, कारण पुसावयाचे नाही. ते दचकणे कशाचे होते हे या बाईंना अर्धशतकानंतर इंग्रजी पुस्तकातून कळले. पुस्तकाने त्यांना दु:ख दिले आणि उलगडाही दिला. आपण ते वाचले नसते तर बरे झाले असते, असे मात्र त्या कोठेही म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या लिहितात व ती आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. पुस्तकात यजमानांचे नाव येते का म्हणून नातवाला त्यांनी प्रत्येक पान शोधावयास लावले. नाव नव्हते. असण्याचे कारणही नव्हते. पलटणीत शेकडो माणसे असतात. पण यातून आपल्या युद्धवाङ्मयाची जात उघड होते. ते अधिकाऱ्यांनी लिहिलेले आणि बहुतांशी इंग्रजीत लिहिलेले वाङ्मय आहे. दळवींनी लिहिले, कौलांनी १९६७ मध्ये ‘द अनटोल्ड स्टोरी’ लिहून आपली बाजू मांडली, आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल थोरात यांचे ‘फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट’ १९८६ मध्ये आले. जवान, नाईक, हवालदार यांनी लिहिलेले किती आहे? खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडी, सातारा या पट्ट्यातून पिढ्यानुपिढ्या माणसे भरती झाली. मेसोपोटेमियात, इटलीत, काश्मिरात ती लढली. त्यांच्या हातचे असे मराठी पुस्तक शोधू गेल्यास फार थोडे हाती लागेल. जवानाच्या पत्नीला आपल्या नवऱ्याचे युद्ध त्याच्या साहेबाच्या पुस्तकात, तेही परक्या भाषेतून, वाचावे लागते.

साहेबांचा हा दोष आहे असे नव्हे. उलट दळवींसारख्याने जवानाच्या अंगावरचा सुती गणवेश, हिमालयाच्या थंडीत माणशी पुरेशी नसलेली पांघरुणे आणि पन्नासच्या आसपास काडतुसे हे सारे नोंदवून ठेवले म्हणून नामका चूच्या काठी २० ऑक्टोबर १९६२ रोजी काय झाले ते कळते. दोनच दिवसांनी स्वत: दळवी चिन्यांच्या हाती सापडले आणि मे १९६३ पर्यंत कैदेत राहिले. २१ नोव्हेंबरच्या रात्री चिनी अधिकाऱ्याने उठवून युद्ध थांबल्याचे सांगितले तेव्हाच हे पुस्तक मनात जन्मले, असे त्यांनी नमूद केले आहे. सात महिने इकडे शेकडो घरांत पत्र नव्हते. राजकारणी वाचकाने त्या पुस्तकातील गणवेशाची व पांघरुणांची वाक्ये चटकन ओलांडली असतील. पण ज्या बाईचा माणूस त्या ब्रिगेडमध्ये होता, तिच्या दृष्टीने पुस्तक तेवढ्याच वाक्यांत होते.

हे वाचन कोठवर जाऊ शकते याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पकडलेल्या वैमानिकांत तांबे यांच्या नावाशी जुळणारे नाव असल्याची बातमी त्याच दिवसांत ढाक्याच्या वृत्तपत्रात आली होती. १ डिसेंबर १९७२ रोजी भारतीय युद्धकैदी वाघ्याच्या वाटेने परत आले, त्यांत तांबे नव्हते. १९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी पाकिस्तानात असल्याचे समजल्या जाणाऱ्या चाळीस जणांची यादी लोकसभेत ठेवली. पुढे चोपन्न हा आकडा रूढ झाला. पाकिस्तानने असा एकही कैदी आपल्याकडे असल्याचे सातत्याने नाकारले आहे. २००७ मध्ये चौदा नातेवाईकांना तेथील तुरुंग दाखविण्यात आले, त्यातूनही काही निष्पन्न झाले नाही.

या कुटुंबांनी युद्धाच्या आठवणी कशा वाचल्या असतील? अमेरिकन वैमानिक चक येगर त्या युद्धकाळात इस्लामाबादेत नेमणुकीवर होते. पकडलेल्या भारतीय वैमानिकांशी आपण बोललो, असा त्यांच्या १९८५ च्या आत्मचरित्रातील उल्लेख बेपत्तांचे नातेवाईक आजवर पुरावा म्हणून दाखवीत आले. जगाने ते पुस्तक आवाजाहून वेगवान विमान उडविणाऱ्या माणसाचे म्हणून वाचले. या घरांनी ते जबानी म्हणून वाचले. विंग कमांडर धीरेंद्र जाफा स्वत: रावळपिंडीच्या छावणीत कैदी होते. त्यांचे ‘डेथ वॉझन्ट पेनफुल’ २०१४ मध्ये निघाले. त्यात छावणीतल्या वैमानिकांचे जिवंत चित्र आहे. दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी ऑगस्ट १९७२ मध्ये त्या छावणीतून केलेले धाडसी पलायन साऱ्यांना रोमांचित करते. पण ज्या घरचा माणूस त्या छावणीत कधी आलाच नाही, ते घर त्या पानांत पलायन वाचीत नाही. तेथे आणखी कोणी होता काय, एखादा आवाज, एखादे अर्धवट नाव कोणाच्या कानी आले होते काय, एवढेच ते वाचते.

यासाठीच आठवणी लिहिणाऱ्या सैनिकांना आमचे सांगणे आहे की नावे, तारखा व ठिकाणे वगळू नका. शैलीसाठी वगळू नका आणि संकोचाने तर मुळीच वगळू नका. सरकारलाही तेच सांगणे आहे. १९७१ च्या युद्धाचा सरकारी इतिहास लिहून तयार असूनही कपाटात पडून राहिला आणि २००० साली वृत्तपत्राच्या मार्गाने बाहेर फुटला. १९६३ चा हेंडरसन ब्रुक्स अहवाल तर अजूनही सरकारने आपल्या हाताने लोकांपुढे ठेवलेला नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जे धोरण जाहीर केले त्यानुसार पंचवीस वर्षांपूर्वीची युद्धविषयक कागदपत्रे सामान्यत: खुली व्हावयास हवीत. १९७१ ला पंचवीस वर्षे होऊन गेली त्यालाही आता काळ लोटला. बेपत्तांविषयीचे जे जे टिपण या धोरणात बसते ते प्रथम त्यांच्या घरच्यांच्या हाती पडावे, संशोधकांची पाळी नंतर यावी.

आमच्या गोमंतकापुरते बोलावयाचे तर येथेही एक उणीव आहे. १९ डिसेंबर आपण दरवर्षी साजरा करतो. १९६१ च्या त्या मोहिमेत अंजदीव बेटावर सात नौसैनिक कामी आले. वास्कोजवळ ‘गोमंतक’ या नौदल तळावर त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या घरांनी तो महिना कसा काढला हे आपण विचारले आहे काय? मे १९६२ पर्यंत येथे ठेवलेल्या तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिकांच्या बायकाही तिकडे टपालाकडेच डोळे लावून बसल्या असतील; त्यांनाही या हिशोबातून वगळण्याचे कारण नाही. पणजीचे पुराभिलेख खाते १५९५ पासूनच्या परंपरेचे. पोर्तुगीज कारकुनाची चिठ्ठीचपाटीही तेथे जपलेली आहे. सैनिकाच्या घरचे निळे आंतर्देशीय पत्र तेथे का नसावे?

जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक बोर्डे आहेत, बेळगावात मराठा रेजिमेंटचे केंद्र आहे, कोल्हापूर, बेळगाव व गोवा येथे विद्यापीठे आहेत. जवानांच्या व त्यांच्या पत्नींच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून घेणे, पत्रांच्या प्रती काढून मूळ पत्रे घरी परत देणे, एवढ्या कामाला मोठे अंदाजपत्रक लागत नाही. मात्र पत्नीचे म्हणणे नवऱ्याच्या हकीकतीची पुरवणी म्हणून न घेता स्वतंत्रपणे घ्यावे. मनिऑर्डर किती दिवस आली नाही, तार वाटणारा शिपाई दिसला की काय होई, जमिनीचा दावा एकटीने कसा लढविला, हा युद्धाचाच वृत्तान्त आहे. १९७१ च्या पिढीतल्या ज्या भगिनी हयात आहेत त्या आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या आहेत. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावयास त्यांपैकी पुष्कळजणी दर नोव्हेंबरात बँकेच्या दारात किंवा सैनिक बोर्डाच्या कचेरीत येऊन बसतात. येत्या नोव्हेंबरात त्यांच्या अंगठ्याचा ठसा घेताना, घरी पत्रे आहेत का, एवढे बोर्डाच्या कारकुनाने विचारावे.