जिथे होडीवाल्याचा शब्द शेवटचा

मराठवाड्यातील व्यापारी कुटुंबांच्या प्रवासाचा नकाशा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बराच बदलला आहे. पूर्वी घराबाहेर पडण्याची कारणे ठरलेली असत: तीर्थयात्रा, लग्नकार्य किंवा मालाची खरेदी. आता शाळेला सुट्टी लागली की मुले समुद्राचे नाव काढतात, आणि वडीलधारी मंडळीही आनंदाने निघतात. यात वावगे काही नाही. मात्र आमच्या देवगाव फाट्यावरून कोणताही रस्ता धरा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आमची पाण्याशी ओळख ती येलदरीच्या धरणाची, दुधनेच्या पात्राची आणि गंगाखेडच्या गोदाकाठाची. हे पाणी पावसाळ्याखेरीज सकाळी जिथे दिसते तिथेच संध्याकाळी असते. समुद्राचे तसे नाही, आणि हा फरक ध्यानात न घेता किनाऱ्यावर उतरणारी कुटुंबे पाहिली की मनात काळजी उत्पन्न होते. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

दक्षिण गोव्यातील काणकोण तालुक्यात पाळोळे आणि आगोंद हे दोन प्रसिद्ध किनारे आहेत. या दोहोंच्या मध्ये, झाडीने भरलेल्या टेकड्यांच्या कुशीत, एक लहानशी वाळूची खाडी आहे. तिला ‘बटरफ्लाय बीच’ म्हणतात. मागच्या झाडीत फुलपाखरे पुष्कळ दिसतात, त्यावरून हे नाव पडले. तिथवर गाडीचा चांगला रस्ता नाही. जंगलातील कच्च्या वाटेने पायी जाणारे काही तरुण असतात. मुलेबाळे व वयस्क माणसे बरोबर असतील तर पाळोळे किंवा आगोंद येथून होडी करणे हाच मार्ग.

तिकडे जाणे आता अवघडही राहिलेले नाही. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. त्यावर काणकोण हे स्थानक असून तेथून पाळोळे जवळच आहे.

पाळोळ्याच्या वाळूवर मासेमारीच्या अरुंद लाकडी होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात. प्रत्येकीच्या एका अंगाला दोन आडव्या दांड्यांनी एक लांब ओंडका बांधलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. लाटेने होडी एका बाजूला कलू लागली की उलांडी तिला सावरते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली ही रचना आहे. अलीकडे या होड्यांना यंत्र बसवले आहे आणि प्रवाशांची ने-आण हा मच्छीमार कुटुंबांचा जोडधंदा झाला आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही नातलग मिळून आठजण या किनाऱ्यावर गेलो होतो. सकाळची वेळ होती. वाटेत डॉल्फिन दिसले तेव्हा होडीवाल्याने यंत्र बंद केले आणि त्यांच्या मागे होडी न दामटता आम्हांस शांत बसून पाहू दिले. किनाऱ्यावर उतरलो तेव्हा तिथे आमच्याखेरीज चार-सहा माणसे असतील. पुढे खडकांमधले हिरवट निवळ पाणी, मागे दाट झाडी, आणि लाटांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नाही. दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला ही शांतता किती मोलाची वाटते, हे निराळे सांगायला नको.

परतीची ठरलेली वेळ साडेदहाची होती. साडेदहा वाजले तेव्हा मुले वाळूत रमली होती. आमच्या साडूंचा स्वभाव पक्का व्यापाऱ्याचा. ते होडीवाल्याला म्हणाले, “भाऊ, आणखी तासभर थांबा. वर पाचशे देतो.” तो शांतपणे म्हणाला, “शेठ, पैशाचं काही नाही. वारा फिरतोय. तासाभरानं मी तुम्हांला नेईन, पण आजी आणि लहान पोरं बरोबर आहेत. तेव्हा नेणं मला पटणार नाही.” साडूंनी रक्कम वाढवली. त्याने नुसती मान हलवली आणि होडी पाण्यात लोटू लागला. आम्ही निघालो. दुपारी पाळोळ्याच्या किनाऱ्यावरून पाहिले तेव्हा सकाळी आरशासारख्या असलेल्या पाण्यावर पांढऱ्या फेसाच्या लाटा उठल्या होत्या.

त्याचा अंदाज हा चमत्कार नव्हता. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरील हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून वारा येतो. हेच शाळेच्या भूगोलातले खारे वारे. रात्री उलट घडते. जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ते मतलई वारे. म्हणून शिडाच्या दिवसांत कोळी पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. दुपारच्या सुमारास खारे वारे जोर धरतात आणि पाणी खवळू लागते. लहान होडीच्या प्रवासाला सकाळ उत्तम ती यामुळेच. सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणास परतायचे, हे वेळापत्रक सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांना अडचणीचे होण्याचे कारणच नाही.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. दिवसातून साधारणतः दोन वेळा पाणी चढते व दोन वेळा उतरते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते. आपल्या हिशेबाने हा काळ जवळजवळ दोन घटकांचा, म्हणजे एका सामायिकाइतका होतो. त्यामुळे ज्याच्या घरी पंचांग आहे त्याच्या घरी भरतीचे वेळापत्रकही आहे. कोकणात यासाठी एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. जुन्या पेढ्यांवर पावकी-निमकी-पाऊणकी पाठ असलेल्या माणसांना हे गणित बोटांवर येईल. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. भरती पहाटे व दुपारी पावणेचारच्या आसपास. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजावे. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा ठोकताळा आहे. जागेप्रमाणे त्यात कमी-जास्त होते, म्हणून शेवटचा निर्णय स्थानिक माणसाला विचारूनच करावा.

पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि पाण्याचा चढउतार मोठा होतो. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तो कमी असतो. ती भांगाची भरती. उधाणाच्या दिवशी हा फरक गोव्याच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटर, तर मुंबईस चार मीटरांहून अधिक असतो.

हे पाणी चढते कसे, तेही समजून घ्यावे. एकूण चढाचे बारा हिस्से केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक असा हिशेब ढोबळमानाने बसतो. याचा अर्थ असा की आरंभी पाणी जागचे हलतच नाही असे वाटते, आणि पुढे दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. नवखा माणूस फसतो तो या पहिल्या तासामुळे.

पाळोळ्याच्या उत्तर टोकाला एक लहान बेट आहे. ओहोटीत तिथे चालत जाता येते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचेही तसेच. पौर्णिमेचा दिवस धरा. भरती सव्वाअकराला म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. “सूर्यास्त पाहून निवांत परतू” असे म्हणणाऱ्यास अंधार आणि चढते पाणी ही दोन्ही एकदमच गाठतात. निघण्यापूर्वी पाऊणकी एकदा मनात म्हटली तर हा प्रसंग टळतो.

तिसरी गोष्ट पोहण्याची. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कुठूनतरी परत जावे लागते. ते अरुंद पट्ट्यांतून वेगाने आत ओढले जाते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि या पट्ट्यात मात्र पाणी सपाट, शांत दिसते. धरणाच्या पाण्याची सवय असलेला माणूस नेमका तिथेच मुलांना उतरवतो. अशा ओढीत कोणी सापडले तर किनाऱ्याच्या दिशेने जोर करून दमू नये; किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावे आणि मग वळावे. पोहता येत नसेल तर पाणी गुडघ्यापर्यंत, त्यापुढे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ती मुलेही आपल्यासारखीच समुद्रापासून दूरच्या गावची होती. गोव्यात २००८ पासून प्रमुख किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. होडीनेच पोहोचता येणाऱ्या एकांत जागी मात्र त्यांचा भरवसा धरता येत नाही.

जीवरक्षक जाकिटाबद्दल वेगळे सांगितलेच पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. मुंबईचे बंदर, दिवसाचा उजेड, रोजचा मार्ग, तरीही हे घडले. छायाचित्र चांगले येत नाही म्हणून जाकीट काढून मांडीवर ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. विम्याची पॉलिसी आग लागल्यावर काढता येत नाही, हे ज्यांना दुकानाबाबत नीट कळते, त्यांनी होडीत बसतानाही ते लक्षात ठेवावे.

निघण्यापूर्वी एवढ्या गोष्टी पाहाव्यात. होडीला परवाना आहे का, आणि किती माणसांचा, हे विचारावे. गोव्यात हे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे, महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्डाकडे आहे. प्रत्येकाच्या, विशेषतः मुलांच्या, मापाचे जाकीट आहे ना ते पाहावे. दर व परतीची वेळ दोन्ही आधी ठरवावे, आणि होडीवाल्याचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा. पण डोंगराआड संपर्क लागेलच असे समजू नये. जून ते सप्टेंबर हा मार्ग विसरावा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीवरही बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याखेरीज कोळी बांधव समुद्रात होडी लोटत नाहीत. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तर आपण का घाई करावी? पिण्याचे पाणी, दशम्या, खाकरे बरोबर न्यावेत, आणि रिकामी पिशवीही न्यावी, म्हणजे आपला कचरा आपल्यासोबत परत येईल.

तो कचरा तिथे टाकला तर काय बिघडते, असे कोणी म्हणेल. शेजारचे आगोंद आणि जवळचे गालजीबाग हे किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी वनखात्याने राखलेले आहेत. मादी रात्री वाळूत येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि उजळ दिसणाऱ्या समुद्राच्या क्षितिजाकडे धावतात. किनाऱ्यावर दिवे असले तर ती उलट दिशेला जाऊन मरतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने ही कासवे राखून स्वतःचे नाव मोठे केले. एकांत हे या जागांचे मुद्दल आहे. दर हंगामात त्याचे व्याज होडीवाल्यांना, गावाला आणि आपल्यालाही मिळते. मुद्दल खर्चून चैन करणारे खातेदार मी नोकरीत पुष्कळ पाहिले, आणि त्यांची पुढची पिढीही पाहिली.

व्यापारात पैसे देणाऱ्याचा शब्द चालतो. ते रास्तच आहे, त्यावाचून बाजार चालणार नाही. काही ठिकाणी मात्र जाणणाऱ्याचा शब्द चालला पाहिजे, कारण तिथे चुकीची किंमत पैशात मोजता येत नाही. दर ठरवताना होडीवाल्याशी अवश्य घासाघीस करावी, तो आपला अधिकार आहे. वेळेबाबत मात्र करू नये. तो “चला” म्हणाला की चपला हातात घ्याव्यात, मुलांचे बोट धरावे आणि उठावे. घरी आल्यावर मुलांना समुद्राइतकीच ही गोष्टही आठवत राहिली, तर सहलीचा खर्च वसूल झाला असे समजावे.