पांढऱ्या थराचा हिशोब

मागच्या रविवारी आमच्या विंगमध्ये रेक्टर सरांची धाड पडली आणि एकूण सात हीटिंग रॉड जप्त झाले. त्यातला एक माझा. गुन्हा कबूल! पण ऑफिसातल्या टेबलावर ते सात रॉड ओळीनं मांडलेले पाहिले आणि शिक्षेपेक्षा वेगळीच गोष्ट डोक्यात घोळायला लागली. सातही रॉडवर एकसारखा पांढरा, खडबडीत थर. जणू चुन्याच्या डब्यात बुचकळून काढलेले.

"किती वर्षं वापरतोयस हा?" सरांनी विचारलं.

"सर, दिवाळीनंतर घेतलाय."

त्यांना ते खोटं वाटलं. मला मात्र आमच्या घरचं बाथरूम आठवलं.

मी लातूरचा. लातूर म्हटलं की इथे कुणीतरी हमखास विचारतं, "रेल्वेनं पाणी आणलं होतं तेच ना?" होय, तेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. मी तेव्हा पाचवीत होतो. घरात, गल्लीत, पेपरात एकच प्रश्न असायचा, पाणी किती आलं? ते कसं आहे हे विचारायची चैन कुणाला परवडणार होती? पुढे पाऊस झाला, मांजरा धरणात पाणी आलं, पण आमची सवय काही सुटली नाही. 'किती' हे सगळे विचारतात, 'कसं' हे कुणीच विचारत नाही.

२०१९ साली बाबांनी कर्ज काढून शहराच्या टोकाला घर बांधलं. प्लॉट घेताना सातबारा पाहिला, रस्ता पाहिला, पूर्व-पश्चिम पाहिली. बोअरला पाणी लागलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले! पण त्यातलं बाटलीभर पाणी कुठेतरी तपासायला द्यावं, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. पिण्यापुरतं आठवड्याने येणारं नळाचं पाणी आणि बाकी सगळं बोअरचं, असा कारभार सुरू झाला.

वर्षाच्या आत गीझरची कॉइल गेली. मग शॉवरची भोकं बुजली. नळ घट्ट झाले, वॉशिंग मशीनमध्ये पाणी घ्यायचा व्हॉल्व्ह अडकला, काळ्या फरशीवर पांढरे डाग पडले. आई म्हणायची, "वस्तूच हलक्या मिळतात हल्ली." मिस्त्री म्हणायचा, "वहिनी, कंपनी बदला."

अशात २०२१ मध्ये टाय लावलेला एक विक्रेता दारात उभा राहिला. त्याने दोन ग्लास मागितले. एकात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत एकेक यंत्र बुडवून बटण दाबलं. मिनिटाभरात नळाचं पाणी गढूळ, तपकिरी झालं, वर हिरवट फेस आला. त्याचं पाणी स्वच्छच्या स्वच्छ. "काका, हे तुम्ही रोज पिता!" आई घाबरली. बाबांनी १४,५०० रुपये मोजले.

मित्रांनो, त्या यंत्राला लोखंडाचे आणि अॅल्युमिनियमचे इलेक्ट्रोड असतात. आपल्या नेहमीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून करंट जातो आणि इलेक्ट्रोडचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तो तपकिरी गाळ पाण्याचा नव्हे, इलेक्ट्रोडचा! आरओच्या पाण्यात क्षारच नसल्यामुळे करंट जवळजवळ जात नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्यात चिमूटभर मीठ टाका, तेही तपकिरी होईल. हे मला फर्स्ट इयरला कळलं. तोवर पैसे गेलेले होते.

त्याच वर्षी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ईडीटीएचं टायट्रेशन होतं. लालसर रंग निळा झाला की रीडिंग लिहायचं आणि जर्नलवर सही घ्यायची, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण २०२४ च्या फेब्रुवारीत मी घरून दोन बाटल्या घेऊन आलो आणि लॅब असिस्टंट काकांना मस्का मारून दोन्ही तपासल्या. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमचं नळाचं पाणी निघालं १७०. बोअरचं ६४०! नळाच्या पाण्याचा टीडीएसही ३१० होता, म्हणजे ५०० च्या मर्यादेत. जंतूंची शंका असेल तर ते उकळून पिणं पुरेसं होतं. ज्या पाण्याला क्षार काढणाऱ्या आरओची गरजच नव्हती, त्याला आम्ही १४,५०० चं मशीन लावलं आणि जे पाणी घर खात होतं, ते तसंच गीझरमध्ये जात राहिलं. शिवाय घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. तेही कुठे, तर लातुरात!

मग मी आईची हिशोबाची वही मागितली. २०२३ सालचा खर्च असा निघाला. गीझरची कॉइल दोनदा, मजुरीसह १,९००. नळ आणि शॉवर १,४८०. वॉशिंग मशीन १,३५०. आरओचं मेंब्रेन आणि फिल्टर ४,२००. फरशीसाठी अॅसिड वगैरे ५६०. आरओ बंद असताना आणलेले पन्नास जार, तीस रुपयांप्रमाणे १,५००. एकूण १०,९९०. अकरा हजाराला फक्त दहा रुपये कमी! साबण जास्त लागतो तो यात धरलेलाच नाही. पाणीपट्टी वाढली म्हणून बाबा तावातावाने भांडून आले होते, ती याच्या निम्मीही नव्हती. पण ती एकरकमी येते म्हणून दिसते. हा खर्च दोनशे-पाचशेच्या तुकड्यांनी जातो, म्हणून दिसत नाही.

हा थर येतो कुठून? बोअरचं पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. त्यातला बायकार्बोनेटचा भाग तापवल्यावर कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतो. आमचं पाणी उकळून, गाळून पुन्हा मोजलं तेव्हा कठीणता ३४० राहिली. म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम थर बसायला तयार! रोज ८० लिटर गरम पाणी धरलं तर दिवसाला २४ ग्रॅम, वर्षाला पावणेनऊ किलो. गीझरच्या तापमानाला सगळं बसत नाही, पण दहावा हिस्सा बसला तरी पाऊण किलोच्या वर झालं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'थरामुळे गीझरचं लाइट बिल दुप्पट होतं' असं काही लोक ठोकून देतात. ते खरं नाही. इलेक्ट्रिक गीझरची कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे उष्णता शेवटी पाण्यातच जाते. फक्त थरामुळे ती लवकर बाहेर पडत नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि जळते. गॅस गीझरचं मात्र वेगळं. तिथे ज्योत नळीच्या बाहेर आणि थर आत, त्यामुळे उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि गॅस खरंच वाया जातो. सोलरच्या नळ्यांत थर बसला तर पाणी कोमट येतं. मग बॅकअपची वीज जळते, नाहीतर पोरं रॉड लावतात. (समझनेवालों को इशारा काफी है.) तब्येतीच्या बाबतीतही उगाच घाबरू नका. कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणावरून जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा घातलेली नाही. हे दुखणं आहे ते खिशाचं.

आम्ही पुढे काय केलं? कुठलंही मशीन घेतलं नाही. हजार लिटरची वेगळी टाकी बसवली, नळ आला की ती भरायची आणि गीझरची लाइन बोअरवरून काढून तिच्यावर घ्यायची. टाकी ५,५०० आणि प्लंबर २,१००, एकूण ७,६००. गीझरचं तापमानही पन्नासवर आणलं. त्यानंतर आजपर्यंत कॉइल बदललेली नाही. हा उपाय प्रत्येक घरी चालेल असं मी म्हणत नाही. कुणाला सॉफ्टनर लागेल, कुणाला छतावरचं पावसाचं पाणी पुरेल, कुणाला खरोखरच आरओ लागेल. पण कुणाला काय लागेल हे आधी पाणी मोजल्याशिवाय कळणार कसं? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतून पाणी तपासून मिळतं. आपण वीस-तीस लाखांचं घर घेतो आणि ही तपासणी टाळतो. आपण इंजिनिअर म्हणवतो, पण विकत घेताना विक्रेत्याच्या ग्लासावर विश्वास ठेवतो, स्वतःच्या ब्युरेटवर नाही!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपल्या होस्टेलच्या बोअरचं पाणी दर सेमिस्टरला आपल्याच लॅबमध्ये तपासलं जावं. फर्स्ट इयरच्या मुलांनाच ते द्यावं, प्रॅक्टिकलही होईल. आलेला आकडा मेसच्या दारावर लावावा आणि सोलरच्या नळ्या कधी साफ करायच्या ते त्यावरून ठरवावं. पहिल्या मजल्यावर गरम पाणी आलं तर रॉड कोण कशाला लावेल?

रेक्टर सर, माझा रॉड परत नको. त्यावरचा थर तेवढा खरवडून केमिस्ट्री लॅबला पाठवा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी