वाळीत टाकणारा धर्म खासगी नव्हता

मुरुड म्हटलं की महर्षी कर्वे आठवतात. दापोली तालुक्यातल्या या गावाला त्यांचा अभिमान आहे, आणि तो असावाच. पण गौरवाच्या भाषणांतून एक नाव बहुतेक वेळा गळतं: पंडिता रमाबाई. १८९३ मध्ये कर्व्यांनी ज्या विधवेशी लग्न केलं, त्या गोदूबाई रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. सदन १८८९ साली सुरू झालं आणि गोदूबाई तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. रमाबाई १८८३ मध्येच ख्रिस्ती झाल्या होत्या. ज्या वर्षी हे लग्न झालं, त्याच वर्षी धर्मांतराच्या ओरडीमुळे सदनाच्या सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं. इकडे मुरुडच्या ब्रह्मवृंदाने कर्व्यांना वाळीत टाकलं.

आता आम्हाला उपदेश केला जातो, "श्रद्धा घरात ठेवा, ख्रिस्ती लोकांनी सेवा करावी, बोलू नये." आम्ही विचारतो, मुरुडची ती वाळी खासगी होती का? पाणवठा, मंदिर, पंगत, लग्न या सगळ्यांवर धर्माचाच पहारा होता. वाळीत टाकणारा धर्म चव्हाट्यावर चालतो आणि दार उघडणारी श्रद्धा तेवढी उंबऱ्याआड बसावी, हा कुठला न्याय?

पण म्हणून आम्ही चर्चची आरती ओवाळणार नाही. 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये बाबासाहेबांनी सांगितलं की युरोपात राजकीय मुक्तीच्या आधी ल्यूथरची धर्मसुधारणा आली. तोच ल्यूथर १५२५ मध्ये गुलामीविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांना चिरडा, असं राजांना सांगत होता. ईश्वराचं राज्य वेगळं आणि राजाचं वेगळं, या त्याच्या शिकवणीचा आडोसा घेऊन पुढे हिटलरच्या काळात अनेक ल्यूथरन पाद्री गप्प बसले. पण बोन्हॉफर हाही ल्यूथरनच होता. तो गप्प बसला नाही, म्हणून १९४५ मध्ये फासावर गेला. म्हणजे प्रश्न श्रद्धा सार्वजनिक असावी की नसावी हा नाहीच. ती कुणाच्या बाजूला उभी राहते, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे तर चर्चमध्येही जात शिरली. तमिळ मुलखात लायप्झिग मिशनने जातीशी तडजोड केली. शारदा सदनसुद्धा सुरुवातीला उच्चवर्णीय विधवांसाठीच होतं. १८९६-९७ च्या दुष्काळाने केडगावच्या मुक्ती मिशनचं दार सगळ्यांसाठी उघडलं. चर्चला ही चूक आतूनच दाखवणारे अरविंद निर्मळ पुढे मद्रासच्या गुरुकुल ल्यूथरन कॉलेजात दलित ईश्वरशास्त्र मांडत होते.

आणि राज्यसंस्था? १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात शीख १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. धर्म बदलला म्हणून गाव त्यांची जात विसरत नाही, मग कायद्याने का विसरावी?

तरुण मित्रांनो, आपला धम्मही १९५६ मध्ये नागपूरच्या मैदानात, लाखोंसमोर स्वीकारला गेला, देवघरात नव्हे. म्हणून दलित ख्रिस्ती भावंडांच्या हक्कासाठी आपण बोललं पाहिजे. आणि चर्चला, तसंच आपल्या विहारालाही, विचारलं पाहिजे: वाळीत टाकलेल्या माणसाच्या शेजारी तू बसतोस का?

जय भीम!