टिळक-आगरकर रकान्यांत कोंबू नका

‘टिळक आणि आगरकर यांची तुलना करा’ असा प्रश्न आला की आपली मुलं पट्टी काढतात, मधोमध रेघ ओढतात. डावीकडे ‘आधी स्वराज्य’, उजवीकडे ‘आधी सुधारणा’. गाइडात तेच छापलेलं असतं आणि तपासणारेही ओळी मोजतात: चार गुणांना चार फरक. निबंध लिहायला सांगितला तरी अर्धं पान एकाचं चरित्र, अर्धं दुसऱ्याचं आणि शेवटी ‘दोघेही थोर होते’. मला याची चीड आहे. डोकं न चालवता तुलना करता येते, असं आपण मुलांना वर्षानुवर्षं शिकवतो आहोत.

फरक शोधायचा तर आधी साम्याचा तळ गाठावा लागतो. दोघांचा जन्म १८५६चा. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर, ‘मराठा’ टिळकांकडे. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यामुळे १८८२ साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. सरकारशी भांडायची हिंमत दोघांचीही होती. मग १८८८ साली आगरकरांना वेगळा ‘सुधारक’ का काढावा लागला? खरा प्रश्न हा आहे आणि तो तक्त्यात कुठेच नसतो.

१८९१चा संमतिवयाचा कायदा घ्या. शरीरसंबंधासाठीचं मुलीचं किमान वय दहावरून बारावर न्यायचं होतं. आगरकर बाजूने, टिळक विरुद्ध. गाइड लगेच ‘सुधारक’ आणि ‘सनातनी’ असे शिक्के मारतं. पण मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत, अशी सूचना त्याच सुमारास टिळकांनीच मांडली होती! परक्या सरकारने आपल्या घरात कायदा करावा, हे त्यांना मुख्यतः सलत होतं. हे कळल्यावर ‘सनातनी’ हा रकाना कोसळतो.

तरीही त्या वादात आगरकरच बरोबर होते, असं मी ठामपणे म्हणतो. कलकत्त्याची फुलमणी अकराव्या वर्षाच्या आसपास नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधामुळे मेली. अशा मुलींना स्वराज्य येईपर्यंत थांबा म्हणणं क्रूर होतं. कुणी टिळकांची बाजू घेऊन मला खोडावं; आनंदाने ऐकेन. पण बाजू तर घ्या! पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, इतका तो वाद जिव्हारी लागलेला होता. पेपर काढणाऱ्यांनो, ‘कोणाचं पटतं आणि का?’ एवढंच विचारा आणि त्या ‘का’ला निम्मे गुण ठेवा.