ऊस बिघडला नाही, बेणे बिघडले



अलीकडे कोणत्याही गटात गेले तरी एकच वाक्य कानावर पडते : "साहेब, 86032 आता संपली. पहिल्यासारखं टनेज पडत नाही. काहीतरी नवीन द्या." आणि नवीन देणारेही लगेच उभे राहतात. रस्त्याकडेला ट्रे मांडलेले असतात, वर पाटी, पाटीवर एकरी टनांचा मोठा आकडा. आपला सभासद टेम्पो भरून रोपे आणतो. जातीचे नाव विचारतो, भाव विचारतो. हे डोळे कोणत्या मळ्यातले, लागणीचे की खोडव्याचे, हे विचारायचे राहून जाते.

माझे मत स्पष्ट सांगतो. जात संपलेली नाही, तिचे बेणे संपवले गेले आहे. हे दोन आजार वेगळे आहेत आणि त्यांचे औषधही वेगळे आहे.

ज्वारीचे सीएसएच-1 हे संकरित बियाणे 1964 साली आले. तेव्हापासून आपल्याला एक गोष्ट पाठ आहे की संकरिताचे दाणे पुढच्या साली बी म्हणून पेरायचे नाहीत. पेरले तर एक ताट उंच, एक बुटके, एक लवकर निसवते तर एक मागे राहते. आईबापाचे एकत्र आलेले गुण पुढच्या पिढीत फुटतात. आता ऊसही संकरितच आहे, आणि भलताच गुंतागुंतीचा. कोइमतूरला 1912 साली ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा संकर कांसाच्या रानटी गवताशी केला आणि 1918 मध्ये को 205 ही जात दिली. पुढच्या सगळ्या 'को' जाती त्याच वाटेने आल्या. आजच्या जातीत शंभराच्या वर गुणसूत्रे असतात. तिच्या तुऱ्यातले बी पेरले तर दोन रोपे सारखी निघणार नाहीत. पैदास केंद्रात अशी हजारो रोपे लावतात, त्यातली बहुतेक फेकून देतात, आणि एक जात हाती लागायला दहा-बारा वर्षे जातात.

मग आपल्या फडातला ऊस सारखा कसा? कारण आपण बी पेरतच नाही, टिपरी लावतो. डोळा फुटतो तो त्याच उसाचा अंश असतो. को 86032 ची महाराष्ट्रासाठी शिफारस 1996 साली झाली. आज ज्याच्या रानात ती शुद्ध आहे, त्याच्या रानातला ऊस म्हणजे कोइमतूरच्या त्या एकाच रोपाचा वाढत आलेला देह. त्यात म्हातारपण शिरत नाही. पिढ्या उलटल्या म्हणून गुण फुटले, असे उसात होत नाही.

हा फरक किती महागात पडतो याचे उदाहरण अमेरिकेत पाहायला मिळते. तिथे 2018 च्या शेती कायद्याने हेम्पची, म्हणजे भांगेच्याच कुळातल्या पण नशा नसलेल्या पिकाची, शेती खुली झाली. अट एवढीच की नशेच्या द्रव्याचे प्रमाण 0.3 टक्क्याच्या वर जाता कामा नये. या पिकात नर-मादी झाडे वेगळी, परागकण वाऱ्यावर जाणारे. पाकिटावर नाव एक आणि आतली झाडे नाना तऱ्हेची, असे अनेकांच्या वाट्याला आले. तपासणीत प्रमाण वर गेले की उभे पीक नष्ट करायचे. म्हणून तिथले जाणते शेतकरी एका पारखलेल्या मादी झाडाची छाटे लावतात. आपल्याला ही सोय टिपरीच्या रूपाने बापजाद्यांपासून फुकट मिळाली आहे, आणि आपणच ती घालवत आहोत.

कशी घालवतो? एक तर भेसळ. शेजाऱ्याच्या फडात दोन जाती मिसळल्या असतील तर टिपरी तोडणारा मजूर काही निवडत बसत नाही. पण खरे नुकसान रोगाचे. काणी दिसते, चाबकासारखा काळा पट्टा कुणीही ओळखतो. गवताळ वाढीचे बेटही पांढरट, बारीक फुटव्यांवरून ओळखता येते, मात्र ओळखूनही ते उपटायचा आळस होतो. सगळ्यात वाईट तो खोडवा खुजा करणारा रोग. वरून पाहिले तर ऊस ठणठणीत. कांडी उभी चिरली तरच पेराजवळ तांबूस ठिपके दिसतात, तेही नेहमी नाही. हा रोग बेण्यातून जातो आणि कोयत्यातूनही जातो. एका रोगट बेटावरचा कोयता पुढच्या बेटांना रोग देत सुटतो. लागणीला फारसे कळत नाही, खोडव्याला कांड्या आखूड पडतात आणि आपण म्हणतो, "जात उतरली."

याला नवी जात हे औषध नाही. नवी जातही त्याच कोयत्याने तोडली आणि खोडव्याचे बेणे धरले, तर चार-पाच वर्षांत तीही 'संपते'. औषध आहे ते मूलभूत बेण्याला उष्ण बाष्पाची प्रक्रिया, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित बेणे, नऊ ते अकरा महिन्यांचा लागणीचा बेणेमळा, आणि दर तीन-चार वर्षांनी बेणेबदल. हे पाडेगावचे संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट सांगून थकली.

जात कधीच बदलत नाही, असा माझा दावा नाही. उतिसंवर्धनात क्वचित बदल होतात. को 94012, आपली फुले सावित्री, ही कोसी 671 च्या अशाच बदलातून निवडलेली जात आहे. पण तो बदल शास्त्रज्ञांनी पारखून घेतला होता. ट्रेमध्ये आपोआप झालेला बदल आपल्या भल्याचाच असेल, याची हमी कोण देणार? आणि काही जाती खरोखर मोडतात. उत्तर प्रदेशात को 0238 ने जवळजवळ सगळे क्षेत्र व्यापले होते. मग लाल कुज आली आणि तिथले सरकारच ती जात काढायला सांगू लागले. पण तिथेही ऊस बदलला नव्हता. बुरशीचा नवा प्रकार आला होता, आणि मैलोन् मैल एकच जात असल्याने त्याला मोकळे रान मिळाले. तेव्हा दोन-तीन जाती ठेवाव्यात, हे मलाही मान्य आहे. ठेवाव्यात मात्र वेगवेगळ्या फडात. एकाच सरीत नकोत.

कुणी म्हणेल, माझं रान, माझा ऊस, कारखान्याला काय त्याचं? तर एफआरपी ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. भेसळीच्या फडात एक ऊस पिकलेला आणि शेजारचा कच्चा, तोड मात्र एकाच दिवशी. तो कच्चा रस गव्हाणीतून पुढे गेला की त्याचा भुर्दंड ज्याने दोन वर्षे जपून बेणे राखले त्यालाही बसतो. आमचा तोडणी कार्यक्रम जात आणि लागणीची तारीख यांवर बसवलेला असतो. नोंदीला लिहिलेली जात रानात नसेल तर तो कार्यक्रम म्हणजे नुसता कागद.

म्हणून मी संचालक मंडळापुढे दोन सूचना ठेवल्या आहेत. नोंदीच्या चिठ्ठीवर जातीबरोबर बेणे कुठून आणले हेही लिहावे. आणि बेणेमळा राखणाऱ्याला टनामागे जादा दर द्यावा. दुसऱ्या सूचनेवर कुरकुर होईल, हे मला ठाऊक आहे. पण दहाव्या महिन्यात ऊस तोडून दिला की त्याचे वजन जाते, भेसळ आणि रोगट बेटे काढण्याची मजुरी वेगळी. तोटा सोसून दुसऱ्यासाठी बेणे कोण राखील? एक एकर चांगल्या बेणेमळ्यावर साधारण दहा एकर लागण होते, त्या दहा एकरांत हा दर सहज निघतो.

या हंगामातल्या बेणेमळ्यांची गटवार यादी शेतकी ऑफिसात लावली आहे. बेणे ठरवण्याआधी मळा स्वतः जाऊन पाहावा. बांधावरून नको, दोन-चार सऱ्या आत शिरून. गवताळ बेटे किंवा काणी दिसली तर तिथूनच माघारी फिरावे, मळा यादीतला असला तरी, आणि चिटबॉयला त्याच दिवशी कळवावे.

— ऊस विकास अधिकारी